कोकणच्या अंगणात व्हॉलीबॉल

रत्नागिरी जिल्ह्यात नद्या आहेत, खाड्या आहेत, डोंगर आहेत आणि वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आहे. नाही ती सपाट जमीन. सह्याद्रीच्या पायथ्यापासून समुद्राकडे उतरत जाणाऱ्या या भूभागात जो सखल तुकडा सापडतो त्यात भात लावले जाते, आणि उंचावर जो सपाट सडा आढळतो तो बहुधा उघडा कातळ असतो. घर बांधावयाचे तरी आधी उताराला पायरी खोदावी लागते. अशा मुलखात शाळेसाठी क्रीडांगण हवे, असा विषय ग्रामपंचायतीपुढे आला म्हणजे सदस्यांच्या चेहऱ्यावर जी काळजी उमटते ती अनाठायी म्हणता येणार नाही. फुटबॉलला दीड एकराहून अधिक सपाटी लागते. क्रिकेट म्हटले की कोणाचा तरी मळा जातो, आणि चेंडू शेजारच्या आंब्याच्या कलमांत गेला की भांडण ठरलेले.

व्हॉलीबॉलचे मैदान १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद असते. त्याभोवती खेळाडूंना धावण्यासाठी चारही बाजूंनी किमान ३ मीटर मोकळी जागा सोडली तर एकूण जागा २४ मीटर गुणिले १५ मीटर, म्हणजे ३६० चौरस मीटर होते. तलाठ्याच्या भाषेत बोलावयाचे तर साडेतीन गुंठ्यांहून किंचित अधिक. एवढी जागा बहुतेक शाळांच्या आवारात, देवळापुढे अथवा वाडीच्या सहाणेजवळ निघू शकते. कबड्डीला याहूनही कमी जागा पुरते, हे खरे. आणि कबड्डी हा तर कोकणच्या रक्तातलाच खेळ. परंतु व्हॉलीबॉलचा एक गुण कबड्डीत नाही. दोन संघांच्या मध्ये जाळे असते. प्रतिस्पर्ध्याशी अंगाला अंग लागत नाही. त्यामुळे वय, वजन व ताकद यांत तफावत असलेली माणसेही हा खेळ एकत्र खेळू शकतात. हा मुद्दा वाटतो तितका किरकोळ नाही. त्याकडे पुढे यावयाचे आहे.

प्रौढांसाठी शोधलेला खेळ

गंमत अशी, की ज्या खेळात आज साडेसहा फुटी तरुण जाळ्याच्या वर उसळून चेंडू फटकावतात तो खेळ जन्माला आला तो दमछाक टाळण्यासाठी. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील होलियोक या गावी वाय.एम.सी.ए. संस्थेत विल्यम मॉर्गन हे शारीरिक शिक्षणाचे संचालक होते. जवळच्याच स्प्रिंगफील्ड येथे १८९१ मध्ये बास्केटबॉलचा खेळ निघाला होता. पण मॉर्गन यांच्याकडे सायंकाळी येणाऱ्या प्रौढ व्यावसायिकांना तो झेपेना. तेव्हा १८९५ मध्ये त्यांनी ६ फूट ६ इंच उंचीवर जाळे बांधले आणि हातांनी चेंडू इकडून तिकडे टोलवण्याचा खेळ बसवला. त्याला त्यांनी 'मिन्टोनेट' असे नाव दिले होते. पुढील वर्षी स्प्रिंगफील्ड येथे त्याचे प्रात्यक्षिक झाले, तेव्हा चेंडू जमिनीवर पडू न देता वरच्यावर टोलवला जातो हे पाहून आल्फ्रेड हॉलस्टेड यांनी 'व्हॉलीबॉल' हे नाव सुचवले, आणि तेच रूढ झाले. आरंभी खेळाडूंच्या संख्येला मर्यादा नव्हती, स्पर्शांनाही नव्हती.

वाय.एम.सी.ए.च्या शिक्षकांबरोबर हा खेळ आशियात आला, आणि त्याला आजचे रूप येण्यात आशियाचा वाटा मोठा आहे. एकाने चेंडू उंच उचलून द्यावा व दुसऱ्याने उडी मारून तो खाली ठोकावा, ही जोडचाल १९१६ च्या सुमारास फिलिपाइन्समध्ये प्रथम विकसित झाली. भारतात मद्रास येथे हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. तेथून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी व पुढे लष्कराच्या पलटणींनी हा खेळ देशभर नेला. आंतरराष्ट्रीय महासंघ १९४७ मध्ये पॅरिस येथे स्थापन झाला, भारतीय महासंघ १९५१ मध्ये. आशियाई क्रीडास्पर्धांत भारताच्या पुरुष संघाने १९५८ मध्ये कांस्य, १९६२ मध्ये रौप्य व १९८६ मध्ये पुन्हा कांस्यपदक मिळवले. त्यानंतर मात्र या खेळात भारताला ते पदक पुन्हा लाभलेले नाही.

महाराष्ट्रात या खेळाला एक सख्खा भाऊ आहे. पश्चिम महाराष्ट्र व खानदेशातील अनेक गावांत 'शूटिंग बॉल' या नावाने जो खेळ खेळला जातो त्यात चेंडू बोटांवर उचलण्याऐवजी तो थेट फटकावण्यावर भर असतो. तो स्वतंत्र खेळ आहे, त्याचे नियम निराळे आहेत, आणि त्याची गोडीही निराळी आहे. पण शूटिंग बॉलची सवय घेऊन व्हॉलीबॉलच्या मैदानात उतरलेल्या खेळाडूच्या मुठी आवळलेल्याच राहतात, असा क्रीडाशिक्षकांचा अनुभव आहे. दोन्ही खेळ शिकवावेत. एकाच तासाला शिकवू नयेत.

खेळ कसा चालतो

मैदानाच्या मध्यभागी जाळे असते. पुरुषांसाठी त्याच्या वरच्या कडेची उंची २.४३ मीटर आणि स्त्रियांसाठी २.२४ मीटर असते. ही उंची जाळ्याच्या मध्यावर मोजावयाची असते. दोन्ही बाजूरेषांवर ती सारखीच असली पाहिजे व ठरलेल्या उंचीपेक्षा २ सेंटिमीटरहून अधिक असता कामा नये. ग्रामीण स्पर्धांत जाळे मधोमध झोळीसारखे लोंबत असते आणि मग उंच खेळाडू असलेल्या संघाला त्याचा लाभ मिळतो. तेव्हा सामन्यापूर्वी पंचांनी खुणा केलेली काठी घेऊन तीन ठिकाणी उंची मोजावी. जाळ्यापासून ३ मीटरवर दोन्ही बाजूंना एकेक रेषा असते, तिला आक्रमणरेषा म्हणतात. सर्व रेषा ५ सेंटिमीटर रुंद असतात आणि त्या मैदानाचाच भाग समजल्या जातात. रेषेवर पडलेला चेंडू आत पडला असे धरतात. या एका वाक्यावरून जिल्ह्यात किती सामने अर्धवट राहिले असतील, ते सांगणे कठीण.

चेंडूचा परीघ ६५ ते ६७ सेंटिमीटर आणि वजन २६० ते २८० ग्रॅम असते. प्रत्येक बाजूस सहा खेळाडू असतात. मागील सीमारेषेबाहेरून एका खेळाडूने हाताने चेंडू मारून तो जाळ्यावरून पलीकडे पाठवावयाचा, याला सर्व्हिस म्हणतात. पंचाच्या शिट्टीनंतर ८ सेकंदांच्या आत ती करावी लागते. पलीकडच्या संघाने जास्तीत जास्त तीन स्पर्शांत चेंडू परत पाठवावयाचा असतो. एकाच खेळाडूने लागोपाठ दोनदा चेंडूला हात लावावयाचा नाही. चेंडू धरावयाचा नाही, फेकावयाचा नाही. तो हातावरून उसळला पाहिजे. पूर्वी कमरेखाली चेंडू लागला तर तो दोष मानीत. आता शरीराच्या कोणत्याही भागाने, पायानेसुद्धा, चेंडू वाचवता येतो.

तीन स्पर्शांची ही मर्यादा हेच या खेळाचे मर्म होय. पहिला स्पर्श चेंडू वाचवण्याचा. दोन्ही हात पुढे जोडून, कोपरे ताठ ठेवून, मनगटाच्या वरच्या सपाट भागावर चेंडू घ्यावयाचा आणि तो जाळ्याजवळ उभ्या असलेल्या सहकाऱ्याकडे पाठवावयाचा. दुसरा स्पर्श उचलून देण्याचा. हे काम करणाऱ्याला आपल्याकडे जुने खेळाडू 'बूस्टर' म्हणत, आता 'सेटर' म्हणतात. कपाळाच्या वर दहाही बोटांची ओंजळ उलटी धरून, चेंडू बोटांच्या टोकांवर झेलल्यासारखा घ्यावयाचा, आणि झेल पूर्ण होण्याच्या आतच तो जाळ्याच्या वर, कडेला अथवा मध्यावर तरंगत सोडून द्यावयाचा. तिसरा स्पर्श स्मॅशचा. प्रेक्षक टाळ्या वाजवतात त्या तिसऱ्या स्पर्शाला. जाणकार पाहतात तो दुसरा. ज्या संघाचा बूस्टर थंड डोक्याचा, तो संघ बहुधा जिंकतो.

समोरून येणारा स्मॅश अडवण्यासाठी जाळ्याजवळचे खेळाडू हात वर करून उडी मारतात. या अडवणुकीत, म्हणजे ब्लॉकमध्ये, चेंडूला लागलेला हात तीन स्पर्शांत मोजला जात नाही. ब्लॉक करणाऱ्या खेळाडूने लगेच पुन्हा चेंडू खेळला तरी चालते. गावच्या पंचांकडून या बाबतीत नेहमी चूक होते, म्हणून मुद्दाम नोंदवीत आहे.

घड्याळाच्या काट्याप्रमाणे

सहा खेळाडूंपैकी तिघे पुढच्या ओळीत व तिघे मागच्या ओळीत असतात. प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस चालू असताना गुण जिंकला की सर्व्हिस आपल्याकडे येते, आणि त्याच वेळी सहाही खेळाडू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एकेक जागा सरकतात. पुढच्या ओळीत उजवीकडे असलेला खेळाडू मागे उजवीकडे येतो व सर्व्हिस करतो. हे चक्र सामनाभर चालते. त्यामुळे कोणीही कायम जाळ्यापाशी राहू शकत नाही, आणि कोणालाही कायम मागच्या कोपऱ्यात दडता येत नाही. मी स्वतः महाविद्यालयात असताना हे दडण्याचे बरेच प्रयत्न केले. उंची बेताची, नजर चष्म्याची. पण दर काही मिनिटांनी चक्र फिरून मला जाळ्याखाली आणून उभे करी. क्रिकेटमध्ये मला अकरावा खेळाडू म्हणून सीमारेषेवर सुखाने झाडाखाली उभे राहता येत असे, तसली सोय येथे नव्हती.

मागच्या ओळीतील खेळाडूने आक्रमणरेषेच्या पुढे येऊन जाळ्याच्या उंचीवरचा चेंडू पलीकडे मारावयाचा नाही, आणि ब्लॉकही करावयाचा नाही. रेषेच्या मागून उडी मारून मात्र त्याला फटका मारता येतो. हा निर्बंध नसता तर संघातील दोन उंच खेळाडूंनीच सारा सामना खेळला असता. सर्व्हिस घेणाऱ्या संघाने सर्व्हिसच्या क्षणी आपापल्या जागांचा क्रम राखला पाहिजे. चेंडू मारला गेल्यावर कोणीही कोठेही धावावे.

१९९८ पासून संघात 'लिबेरो' नावाचा एक विशेष खेळाडू आला आहे. त्याचा शर्ट इतरांहून वेगळ्या रंगाचा असतो. तो फक्त मागच्या ओळीत खेळतो. ब्लॉक करीत नाही, जाळ्याच्या उंचीवरून आक्रमण करीत नाही. त्याचे काम एकच, येणारा चेंडू जमिनीवर पडू न देणे. बुटक्या पण चपळ मुलामुलींसाठी या नियमाने दार उघडले आहे. शिक्षकांनी उंचीनुसार संघ निवडताना हे ध्यानात ठेवावे.

गुणमोजणीत झालेला बदल तर अनेक जुन्या खेळाडूंच्या अजून पचनी पडलेला नाही. पूर्वी सर्व्हिस आपल्याकडे असेल तरच गुण मिळत असे; प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस असताना जिंकले तर फक्त सर्व्हिस हाती येई. डाव १५ गुणांचा असे आणि दोन तुल्यबळ संघ भिडले तर तासन् तास सर्व्हिस इकडून तिकडे जात राही, फलक हलत नसे. आमच्या महाविद्यालयीन दिवसांतच, १९९८ मध्ये, आंतरराष्ट्रीय महासंघाने ही पद्धत बदलण्याचा निर्णय घेतला. आता प्रत्येक चढाओढीला गुण मिळतो, सर्व्हिस कोणाचीही असो. डाव २५ गुणांचा असतो आणि किमान दोन गुणांची आघाडी लागते. पाचपैकी तीन डाव जिंकणारा संघ विजयी. बरोबरी झाल्यास पाचवा डाव १५ गुणांचा होतो व त्यात ८ गुणांवर बाजू बदलतात. सर्व्हिस जाळ्याला घासून पलीकडे गेली तरी ती आता वैध आहे. जुन्या नियमांत एक प्रकारची चिकाटी होती, हे मी नाकारीत नाही. पण दिवस मावळण्याच्या आत सामना संपणे हीदेखील गावाची गरज असते.

जांभ्यावरचे मैदान

कोकणात मैदान करावयाचे म्हणजे जांभ्याशी गाठ आहे. जांभ्याला भूशास्त्रात जे लॅटराइट हे नाव मिळाले ते केरळातील अंगाडिपुरम येथील दगडावरून. तोच तांबडा दगड, तोच धुवाधार पाऊस, तीच नारळी-पोफळी आणि तशाच उतारावर वसलेल्या वस्त्या. आणि त्याच केरळात व्हॉलीबॉल गावोगाव रुजला. इटलीतील क्लबांकडून खेळलेला व १९८६ च्या कांस्यपदक विजेत्या संघात असलेला जिमी जॉर्ज हा कण्णूर जिल्ह्यातील पेरावूरचा, सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावातला. १९८७ मध्ये इटलीत मोटार अपघातात त्याचे निधन झाले तेव्हा तो अवघा बत्तीस वर्षांचा होता. जमिनीचा दोष सांगून आपण मोकळे होतो तेव्हा हे उदाहरण जरा अडचणीचे ठरते.

कातळावर थेट खेळू नये. स्मॅश व ब्लॉक यांत खेळाडू पुन्हा पुन्हा उडी मारून खाली येतो. टणक दगडावर गुडघे व घोटे टिकत नाहीत. कातळावर चाळलेली तांबडी माती व थोडी वाळू मिसळून थर द्यावा, पाणी मारून रोलर फिरवावा. खडा राहता कामा नये, कारण चेंडू वाचवताना खेळाडू जमिनीवर अक्षरशः झोकून देतो. मैदानाला अगदी हलका उतार द्यावा आणि वरच्या अंगाला चर खणावा, अन्यथा पहिल्या पावसात माती खलाटीत जाऊन पोहोचेल. मैदानाची लांबी दक्षिणोत्तर ठेवावी. सामने सायंकाळी होतात. लांबी पूर्वपश्चिम असेल तर एका संघाच्या डोळ्यांत मावळता सूर्य येतो. किनाऱ्यालगतच्या गावांत दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. दक्षिणोत्तर मैदानात तो आडवा वाहतो, म्हणून दोन्ही संघांना सारखाच त्रास देतो. अशा वाऱ्यात बूस्टरने चेंडू फार उंच उचलू नये, हे हर्णै-जयगडच्या मुलांना सांगावे लागणार नाही.

मैदानावर किमान ७ मीटर उंचीपर्यंत कोणताही अडथळा नसावा. आंब्याच्या फांदीला अथवा माडाच्या झावळीला लागलेला चेंडू बाहेर गेला असे धरतात. त्यासाठी झाड तोडण्याची आवश्यकता नाही. मैदान दोन मीटर सरकवावे. खांब बाजूरेषेपासून अर्धा ते एक मीटर दूर रोवावेत. त्यांना तारेचे ताण देऊ नयेत, कारण अंधुक उजेडात त्यांत पाय अडकून मुले पडतात. खारी हवा लोखंड खाते, तेव्हा खांबांना दरवर्षी रंग देणे ही हौस नव्हे. जाळ्याची घरे १० सेंटिमीटरची असतात. विकतचे जाळे फाटले की गाव नव्यासाठी अर्ज करते आणि वर्षभर थांबते. ज्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या माणसे मासेमारीची जाळी विणीत व दुरुस्त करीत आली, तेथे व्हॉलीबॉलचे जाळे एका दुपारीत सांधून मिळू शकते. विचारावयाचे मात्र कोणाला सुचत नाही.

मैदानासाठी अनुदान हवे असल्यास क्रीडांगण विकास योजनेबाबत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करावी. जागेचा सातबारा उतारा आधीच तपासलेला बरा. जमीन गावाच्या वापरात आहे पण नावावर भलत्याच्याच आहे, असे प्रकार आपल्याकडे थोडे नाहीत.

सहा माणसे

काही वर्षांपूर्वी संगमेश्वर तालुक्यातील एका गावी पाणी योजनेच्या वृत्तासाठी जाणे झाले. काम आटोपल्यावर शाळेच्या आवारात बसलो होतो. दोन गंजलेले खांब उभे होते, जाळे नव्हते. सहज विचारले, तर सरपंचताई म्हणाल्या, "साहेब, जाळं आणू हो. सहा माणसं कुठून आणू?" त्यांच्या वाडीत विशी ते पस्तिशीतले तरुण मोजून चार होते. बाकीचे मुंबईला. शिमग्याला आणि गणपतीला गाव भरतो, तेवढे पंधरा दिवस मैदानात पाय ठेवायला जागा नसते. इतर वेळी गुरुजी, सात-आठ मुले-मुली आणि म्हातारी माणसे.

हे एका गावाचे गाऱ्हाणे नव्हे. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्याची दहा वर्षांत ८१ हजारांहून अधिक घटली. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. म्हणजे गावात जे मागे राहतात त्यांत स्त्रिया अधिक. आणि आपली क्रीडांगणे, क्रीडा मंडळे, चषक आणि ध्वनिक्षेपक पाहिले तर सारी व्यवस्था जे गावात नाहीत त्या तरुणांसाठी केलेली दिसते.

मी ताईंना म्हटले, "बचत गटात बायका किती आहेत?"

"अकरा."

"मग दोन संघ होतात की. एक कमी पडते, ती गुरुजींची."

त्या हसल्या. गुरुजी हसले नाहीत. ते जाळ्याची उंची विचारू लागले. स्त्रियांसाठी २.२४, हे त्यांना ठाऊक होते, पण त्यांच्या सातवीतल्या मुली आणि चाळिशीतल्या बायका एकत्र खेळणार असतील तर किती ठेवावी, हा त्यांचा प्रश्न होता. माझे उत्तर असे, की स्पर्धेसाठी नियम आहेतच. गावच्या सायंकाळसाठी सर्वांत ठेंगण्या खेळाडूचा हात उडी मारून जाळ्याच्या वरच्या कडेला लागेल इतकी उंची ठेवावी. खांबाला दोन-तीन ठिकाणी आकडे बसवले म्हणजे जाळे हवे तसे वरखाली होते. शालेय क्रीडास्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील अशा तीन वयोगटांत मुलगे व मुली यांच्यासाठी स्वतंत्रपणे घेतल्या जातात. तालुक्यातून जिल्ह्यास व तेथून विभागास जाण्याची वाट त्यातून आहे. चिपळूण तालुक्यात डेरवण येथे तर मोठे क्रीडा संकुल उभे आहे. पण या वाटेवर पहिले पाऊल शाळेच्या आवारातच पडावयाचे असते.

स्त्रिया आणि व्हॉलीबॉल म्हटले की जपानच्या त्या गिरणी कामगार मुली आठवतात. ओसाकाजवळील काइझुका येथील निचिबो कंपनीच्या कापड गिरणीत दिवसा काम करावयाचे आणि त्यानंतर रात्री उशिरापर्यंत हिरोबुमी दाइमात्सु या प्रशिक्षकाच्या हाताखाली सराव करावयाचा, असा त्यांचा क्रम होता. चेंडू वाचवण्यासाठी जमिनीवर झेप घेऊन, खांद्यावरून कोलांटी घेत पुन्हा उभे राहण्याची रीत त्यांनी रूढ केली. १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचा प्रथमच समावेश झाला. जपानच्या संघात बहुतेक खेळाडू या गिरणीतल्याच होत्या, आणि त्यांनी सोव्हिएत संघाला हरवून सुवर्णपदक घेतले. दाइमात्सु यांची सराव घेण्याची पद्धत निर्दय होती, असे तेव्हाही अनेकांनी म्हटले होते व मलाही तेच वाटते. कोणा क्रीडाशिक्षकाने ती उचलू नये. पण दिवसभर राबणाऱ्या बाईला खेळायला वेळ कुठला, हा आपल्याकडील ठरलेला आक्षेप त्या मुलींपुढे उभा करून पाहावा.

आक्षेप येतात ते वेळेचे असतात तसे लाजेचेही असतात. साडीवर उडी मारता येत नाही, सासरे देवळाच्या पायरीवर बसलेले असतात, 'आता हे वय आहे का' असे कोणी तरी म्हणतेच. सरपंचताईंनी त्यावर काढलेला तोडगा मला नंतर गुरुजींकडून कळला. त्यांनी ठराव वगैरे काही केला नाही. एक चेंडू आणला, आणि बचत गटाची मासिक सभा शाळेच्या व्हरांड्याऐवजी मैदानात घेण्यास सुरुवात केली. पहिले दोन महिने बायकांनी नुसता चेंडू गोल उभे राहून एकमेकींकडे टोलवला. जाळेही नव्हते, गुणही नव्हते. जमिनीवर पडला की ज्यांच्या मधोमध पडला त्या दोघी हसत. तिसऱ्या महिन्यात जाळे आले, आणि मैदानावर रेषा हव्यात म्हणून कोणी तरी घरून फक्कीचा डबा आणला. दोरी धरून रेषा मारण्याचे काम शाळेतल्या मुलींनी केले. कर्ण मोजून मैदान काटकोनात आणण्याची युक्ती गुरुजींनी त्यांना गणिताच्या तासाला शिकवली होती: १८ व ९ मीटरच्या आयताचा कर्ण २० मीटर १२ सेंटिमीटर येतो, आणि दोन्ही कर्ण सारखे भरले की चारही कोपरे बरोबर.

गणपतीत गावाकडे आलेल्या तरुणांनी आपला नेहमीचा संघ उभा केला, तेव्हा त्यांना सहावा गडी मिळेना. त्या वेळी मागच्या ओळीत उभी राहिली ती सातवीतली एक मुलगी. भाद्रपदातली ओली जमीन, वर ढग, आणि जाळे पुरुषांच्या उंचीचे. चक्र फिरून ती जाळ्याशी आली की तिचा हात वरपर्यंत पोहोचत नसे, म्हणून पलीकडचे गडी चेंडू मुद्दाम तिच्या बाजूने काढीत. मागे गेली की मात्र तिच्याकडे आलेला चेंडू बहुतेक वेळा वर उठे. सामना तिचा संघ हरला. तिला लिबेरोचा नियम माहीत नव्हता. तो गुरुजींनी तिला नंतर समजावून सांगितला. वेगळ्या रंगाचा शर्ट कुठून आणायचा, एवढेच तिने विचारले, असे ते म्हणाले.

पावसाळ्याचे चार महिने मैदान बंद असते. त्या काळात मुलांनी व्हरांड्याच्या भिंतीवर चेंडू मारून बोटांचा व मनगटांचा सराव करावा. भिंतीवर जाळ्याच्या उंचीची खडूची रेघ ओढली की पुरते. जाळे मात्र मृगापूर्वी उतरवून, गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून आणि गुंडाळी करून आढ्याला टांगावे. उंदरांपासून जपावे.